जोकरचं वेळापत्रक : ‘द डार्क नाइट’ (२००८)

हडपसरला माझ्या स्कूल बस चालतात, त्यामुळे ‘द डार्क नाइट’ या बॅटमॅनपटाची पहिली पाच-सहा मिनिटं मला पिक्चर म्हणून बघताच येत नाहीत. मुखवटे घातलेले दरोडेखोर बँक लुटता लुटता एकमेकांनाच संपवत जातात आणि पिवळी स्कूल बस रिव्हर्समध्ये भिंत फोडून आत घुसते. इथवर टाळ्या. मग एकटा उरलेला दरोडेखोर, म्हणजे पिक्चरचा व्हिलन जोकर, बसच्या ड्रायव्हरलाही गोळी घालतो, नोटांच्या बॅगा भरून तीच बस बाहेर पडते आणि रस्त्याने चाललेल्या स्कूल बसच्या रांगेत मिसळते. पोलीस समोरून येतात, कुणाला काही नाही! अहो, मागच्या बसचा ड्रायव्हर झोपला होता का? त्याच्या नाकासमोर बँकेतून गाडी निघाली. आमच्याकडे रांगेत नुसतं चाक घातलं तरी मागचा आधी हॉर्नवर हात ठेवतो, मग खिडकीतून डोकं काढून तुमचं शिक्षण विचारतो. आणि भिंतीवर आपटलेल्या गाडीचा मागचा इमर्जन्सी दरवाजा इतका सुरळीत उघडतो-लागतो! आमचा पासिंगच्या आदल्या दिवशी ग्रीस मारूनही अडतो. आमच्या ड्रायव्हर मामांना तेवढा सीन दाखवला. ते म्हणाले, “शेट, ड्रायव्हरला गोळी घातली की मालकालाच गाडी चालवायला लागते, बघून ठेवा.”

माझा खरा आक्षेप पुढे आहे. हॉस्पिटलमध्ये हार्वी डेंटच्या, म्हणजे शहराच्या सरकारी वकिलाच्या, उशाशी बसून जोकर सांगतो की आपण प्लॅन वगैरे करणारा माणूस नाही. आणि तोवर त्याने काय केलंय? अख्ख्या हॉस्पिटलात स्फोटकं पेरलीत. पुढे दोन फेरी बोटींच्या पोटात पिंपंच्या पिंपं चढवतो. पिंप काय स्वतः चालत जातं? हमाल लागतात, टेम्पो लागतो, गेटवर कुणाला तरी चहापाणी लागतं. शाळा सुटायच्या वेळी मोजक्या बस गेटवर लावताना माझी दमछाक होते, इथे हा माणूस सेकंदाच्या हिशोबाने शहर हलवतो आणि वर म्हणतो प्लॅन नाही! मगरपट्ट्याच्या चौकात संध्याकाळी सहाला आणा त्याला. पहिल्या सिग्नललाच डाव उधळेल.

बाकीच्या चुका पटकन सांगतो. पार्टीत जोकर हार्वीला शोधायला येतो, त्याच्या मैत्रिणीला, रेचलला, खिडकीतून टाकतो, बॅटमॅन तिच्यामागे उडी घेतो, दोघं टॅक्सीच्या टपावर आदळून धडधाकट. पण वर पाहुण्यांमध्ये जोकर अजून उभाच आहे, हार्वीही तिथेच कोंडलेला आहे. त्याचं पुढे काय झालं? कॅमेरा गेला, विषय संपला. रेचल तर २००५च्या पहिल्या भागात केटी होम्स होती, इथे मॅगी जिलेनहाल. आपल्या मालिकांत निदान खाली पट्टी तरी येते. विटेत घुसून चुरा झालेल्या गोळीवरून बोटाचा ठसा काढतात, तो मी सोडून दिला. पोलीस अधिकारी गॉर्डन मात्र बायकोलाही न सांगता मेल्याचं नाटक करतो, हे आमच्या हिने सोडलं नाही. “एक फोन करायला काय धाड भरली होती?”

आणि शेवट. सरळमार्गी हार्वी शेवटी बिथरतो आणि त्याने केलेले खून बॅटमॅन स्वतःच्या अंगावर घेतो, का तर शहराचा विश्वास टिकावा म्हणून. अरे, जोकर नुकताच पकडलाय ना? टाका की त्याच्या खात्यावर! एवढ्या ढिगात अजून चार खून कोण मोजणार होतं?

तरी हा पिक्चर मी पुन्हा लावतो, कारण जोकर झालेला हीथ लेजर. जीभ ओठांवरून फिरवत तो बोलायला लागला की खोलीतलं कुणी पाणी प्यायलाही उठत नाही. जानेवारी २००८मध्ये तो गेला, पिक्चर जुलैत आला, ऑस्कर त्याच्या माघारी मिळालं. चौकशीच्या खोलीत बॅटमॅन त्याला बडवतोय आणि हा हसतोय, तिथे दिग्दर्शक नोलनची सगळी उधारी मी माफ केली. शिकागोच्या रस्त्यावर उलटा होणारा ट्रकही खराखुरा उलटवलाय, खाली पिस्टन बसवून. वाहनधंद्यातल्या माणसाला ते बघून पोटात कालवतं.

अडीच तासांचा पिक्चर आहे, शेवटचा अर्धा तास लांबतो. सबटायटल लावूनच बघा, बॅटमॅन घसा बसल्यासारखा बोलतो. लहान पोरं झोपल्यावर लावा. जोकर पेन्सिलीने माणूस मारतो तो सीन सुरुवातीलाच येतो.