घरचा अभ्यास: घड्याळी वेळापत्रक की कामांच्या चिठ्ठ्या?

पहिली-दुसरीच्या मुलांना वेळापत्रक जास्त मानवतं. गणिताला २० मिनिटं, मग १० मिनिटं मोकळी, मग वाचन. पुढे काय हे ठरलेलं असलं की दर वेळी हुज्जत होत नाही. बिघडतं ते वेळेच्या हिशेबात. चिकणमातीचे आकार करायला अर्धा तास धरला, तरी मांडामांड आणि आवराआवर यांतच १५ मिनिटं जातात. मग पुढचं सगळं घसरतं आणि दुपारपर्यंत मोठ्यांचा आवाज चढतो. म्हणून हाताच्या कामाला दुप्पट वेळ धरा आणि ते शेवटी ठेवा.

चिठ्ठ्या तिसरी-चौथीपासून चालतात. बरणीत ६ चिठ्ठ्या, त्यांतल्या ४ दिवसभरात संपवायच्या, क्रम मुलाने ठरवायचा. ‘गणित कर’ एवढंच लिहिलं तर काम होत नाही. ‘घरातल्या ५ वस्तूंची लांबी आधी अंदाजाने लिही, मग पट्टीने मोज, फरक काढ’ असं लिहावं. पट्टीवर शून्याऐवजी १ पासून मोजायची चूक इथे चटकन सापडते: प्रत्येक माप १ सेंटीमीटरने जास्त येतं. (वहीतल्या बेरजांत ती कधीच दिसत नाही.) नावडतं काम मात्र संध्याकाळपर्यंत बरणीतच राहतं. लेखन-गणिताच्या चिठ्ठ्यांना वेगळा रंग द्या. त्यांतली एक जेवणाआधी झालीच पाहिजे.

दोन वयांची मुलं असतील तर धाकट्याला वेळापत्रक, थोरल्याला चिठ्ठ्या. फक्त मोकळा वेळ दोघांचा एकच ठेवा, नाहीतर एक खेळत असताना दुसरा वहीत डोकं घालणार नाही.