ऑस्ट्रेलियाच्या इतिहासाची कोडी घालायचीत? मग कुठला खेळ घ्याल

लाँग वीकेंडला तीनचार घरं जमणार, पोरं सहा वर्षांपासून सोळापर्यंत, कुणाचे तरी आई-बाबा भारतातून आलेले, आणि मोबाईल बाजूला ठेवून ज्या देशात राहतोय त्याच्या इतिहासावर काहीतरी खेळूया असं ठरलं की पहिला प्रश्न येतो, खेळायचं काय. आम्ही मेलबर्नला चार प्रकार करून बघितलेत: कोडी, 'मी कोण', वीस प्रश्न आणि सालाच्या चिठ्ठ्या. सगळ्या वयाची माणसं असतील तर सरळ 'मी कोण' घ्या, माझं मत पक्कं आहे. बाकीचे कधी घ्यायचे ते सांगते.

'मी कोण'मध्ये एका माणसाचे चार क्लू, अवघड आधी, सोपा शेवटी. पहिल्यावर ओळखलं तर चार मार्क, शेवटच्यावर एक. म्हणजे बघा: माझा जन्म आयर्लंडचा. मी व्हिक्टोरियाच्या विधानसभेचा सभापती होतो. माझा एक हात लढाईत गेला. ३ डिसेंबर १८५४ला बॅलरॅटला सोनं खणणाऱ्यांचा पुढारी मीच होतो. उत्तर पीटर लॅलर. क्लूचा क्रम मुद्दाम उलटा ठेवलाय, कारण सभापती ऐकल्यावर सगळे कोणीतरी सूटबूटवाला साहेब शोधायला लागतात आणि निघतो सरकारच्या सैनिकांसमोर उभा राहिलेला माणूस, मग पोरं स्वतःहून विचारतात की असा माणूस सभापती झालाच कसा, आणि तिथे लायसन्सची गोष्ट सांगता येते, की सोनं सापडो न सापडो खणणाऱ्याला फी भरावीच लागायची आणि मत द्यायचा हक्क मात्र नव्हता. एका चिठ्ठीत एवढं सगळं येतं. आजोबा लोकांसाठी एकदोन क्रिकेटवाले ठेवा, "१९४८मध्ये शेवटच्या टेस्ट इनिंगला सरासरी १०० व्हायला मला फक्त ४ रन हवे होते आणि मी शून्यावर गेलो" एवढं वाचलं की आजोबांचं "ब्रॅडमन!" तयार असतं, नातवंडांच्या आधी.

वीस प्रश्न कारसाठी बेस्ट, ना कागद ना तयारी. पण यात दोन अडचणी येतात. एक म्हणजे नाव सगळ्यांना आधीच माहीत असावं लागतं. दुसरी म्हणजे हो-नाहीत इतिहास बसत नाही. कुणी नेड केली हा जुना दरोडेखोर मनात धरला आणि प्रश्न आला "तो वाईट माणूस होता का?" तर काय उत्तर देणार? पोलिसांना मारलं हे खरं, आणि गरीब शेतकऱ्यांना तो आपला वाटायचा हेही खरं. आमच्याकडे यावरून गाडीत अर्धा तास वाद झाला, खेळ तिथेच संपला. म्हणून माणूस नको, वस्तू किंवा जागा धरा. माझी आवडती म्हणजे कूपर क्रीकचं ते झाड. जिवंत आहे का? हो. त्यावर काही कोरलं होतं का? हो. बर्क आणि विल्स हे शोधप्रवासी २० ऑगस्ट १८६०ला मेलबर्नहून निघाले, बरोबर भारतातून बोटीनं आणलेले उंट, खंडाच्या उत्तर किनाऱ्याजवळ पोचून अर्धमेले परत आले ते २१ एप्रिल १८६१च्या संध्याकाळी, आणि चार महिने त्यांची वाट बघत थांबलेली माणसं त्याच दिवशी सकाळी निघून गेली होती. झाडावर कोरलं होतं, इथे खणा. खाली थोडं अन्न पुरलेलं. ते दोघं पुढे मेलेच, वाचला फक्त त्यांच्याबरोबरचा किंग, तोही तिथल्या यांद्रुवांधा लोकांनी सांभाळला म्हणून. हे ऐकून दर वेळी गाडीत शांतता होते.

कोडी सगळ्यात मजेची पण करायला सगळ्यात अवघड, आणि एका बैठकीत चारपाचच्या वर घालू नयेत. आमची दोन घ्या. "पोटाला पाडलं भोक, तरी केला नाही शोक, एकाचे झालो दोन, सांगा मी कोण?" हे १८१३चं नाणं, न्यू साउथ वेल्सला नाण्यांची टंचाई होती म्हणून गव्हर्नर मॅक्वारीनं स्पॅनिश डॉलरला मधोमध भोक पाडून एकाची दोन नाणी केली. दुसरं, "धाव माझी एकच, मुक्काम मात्र तीन, कातडं, काळीज, हाडं वेगळी, पाठीवर नाही जीन." १९३०ची मेलबर्न कपची शर्यत जिंकलेला घोडा फार लॅप, कातडं मेलबर्नच्या म्युझियममध्ये, काळीज कॅनबेराला आणि सांगाडा न्यूझीलंडला.

सालाच्या चिठ्ठ्या शाळेत जाणाऱ्या मोठ्या पोरांसाठी, लहानांना कंटाळा येतो. आठ घटना द्या, क्रमानं लावायला सांगा. इंग्लंडला गेलेली अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, क्रिकेट टीम १८६८ची, म्हणजे १८७७च्या पहिल्या टेस्टच्याही आधीची, आणि ती टेस्ट मेलबर्नला झाली तेव्हा नेड केली जिवंत होता, फाशी १८८०ला. हे बहुतेक सगळे चुकतात.

खेळ कुठलाही घ्या, उत्तरांचा कागद मात्र नीट तपासा. "ऑस्ट्रेलिया कुणी शोधला" हा प्रश्नच ठेवू नका. कुक आला १७७०ला, डच यान्सझोन १६०६ला, आणि माणसं तिथे ५०,०००हून जास्त वर्षं राहतायत. दुसरी नेहमीची चूक १९६७च्या सार्वमताची, त्यात अ‍ॅबोरिजिनल लोकांना मताचा हक्क मिळाला असं लिहितात. देशाच्या निवडणुकीत तो हक्क १९६२लाच आला होता. १९६७ला त्यांना जनगणनेत धरायचं आणि केंद्राला त्यांच्यासाठी कायदे करता यावेत हे ठरलं, ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटलं. त्यांच्या पवित्र गोष्टींची कोडी करू नका, त्या आपल्या खेळायच्या नाहीत. त्यापेक्षा १९७५ला पंतप्रधान व्हिटलमनं गुरिंजी या मूळ रहिवाशांचे पुढारी व्हिन्सेंट लिंगियारींच्या हातात जमीन परत दिल्याची खूण म्हणून मूठभर माती ओतली ती घ्या, क्लू फक्त "मूठभर माती".

आणि फार लॅपचं कोडं म्युझियमला जायच्या दिवशी सकाळीच घाला, उत्तर सांगू नका, काचेसमोर उभं राहिल्यावर पोरांना आपोआप सुटतं.