वॅगन आर सीएनजीत सीटखाली बसवलेला सबवूफर: अकरा महिन्यांचा अनुभव

सबवूफर म्हणजे फक्त खालचे, जड सूर वाजवणारा वेगळा स्पीकर. हा खर्च मी तात्यांमुळे केला. माझे वडील वाईजवळच्या आमच्या गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षं पखवाज वाजवतात. पुण्याहून गावी जाताना गाडीत अभंग लावले की पाच मिनिटं ऐकायचे आणि विचारायचे, "अरे, ह्याचा डावा हात कुठं गेला?" पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात. त्यातून निघणारा जड, पोटात उतरणारा आवाज आमच्या गाडीत ऐकूच यायचा नाही. शाईवरची थाप टकटक यायची, पण खालचा घुमारा गायब. भजनच नाही, ढोलकी, डग्गा, बास गिटार, सगळ्यांची हीच गत होती.

दोष गाण्याचा नव्हता. दारातले स्पीकर लहान, ज्या पत्र्यावर बसवलेत तो पातळ, आणि हायवेला लागलं की टायरची घरघर आधी खर्जच गिळते. मी स्टिरिओचा बास वाढवत गेलो, तेव्हा दाराचं प्लास्टिक फडफडायला लागलं. आवाज मोठा झाला, पण खाली काही उतरला नाही.

मोठ्या खोक्यातला सबवूफर घ्यायचा प्रश्नच नव्हता. सीएनजी वॅगन आरच्या डिकीत 60 लिटरची टाकी असते, तिच्याभोवती उरलेल्या जागेत दोन पिशव्या कशाबशा बसतात. त्यामुळे सीटखाली मावणारा, आतच ॲम्प्लिफायर असलेला चपटा सबवूफर हाच पर्याय. आमच्या गाडीत ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली एक ट्रे येतो. तो काढला की चांगली जागा मोकळी होते.

विकत घेण्याआधी मी केलेलं एक काम सगळ्यांनी करावं असं मला मनापासून वाटतं. सबवूफरची लांबी, रुंदी, उंची बघून पुठ्ठ्याचा त्याच मापाचा डबा केला आणि तो सीटखाली ठेवून सीट पूर्ण पुढं-मागं सरकवली. पहिला आवडलेला सबवूफर कागदावर मावत होता, पण सीट मागं घेतली की खालचा लोखंडी दांडा डब्याला घासत होता. त्यापेक्षा सेंटिमीटरभर कमी उंचीचा, सात सेंटिमीटरचा घेतला. स्पीकर 8 इंची, पत्रकावर 75 वॉट आरएमएस, म्हणजे सलग देता येणारी ताकद. साधारण अकरा हजार लागले.

वॉटच्या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. खोक्यावर 'मॅक्स' म्हणून छापलेला आकडा सोडून द्या आणि आरएमएस बघा. तो दिलाच नसेल तर फ्यूज बघा. इंजिन चालू असताना गाडीत साधारण 14 व्होल्ट असतात. फ्यूज 10 अँपियरचा असेल तर सलग मिळणारी वीज फार तर 140 वॉट, आणि त्यातलीही काही उष्णतेत जाते. अशा यंत्रावर '1000 वॉट' लिहिलं असेल तर ते खरं असणं शक्यच नाही.

आता बसवण्याबद्दल. इथे मी चुकलो, म्हणून सविस्तर लिहितो. शहरातल्या एका ॲक्सेसरीच्या दुकानात दीड हजार मजुरी देऊन काम करून घेतलं. पाऊण तासात गाडी हातात. पहिले चार दिवस आनंदात गेले. मग लक्षात आलं की आवाज जरा वाढवला आणि पखवाजाची मोठी थाप आली की सबवूफरचा निळा दिवा विझतो, दोन सेकंद सगळं गप्प, आणि मग पुन्हा सुरू. दुकानात गेलो तर म्हणाले, "साहेब, आवाज कमी ठेवा." एवढे पैसे घातल्यावर हे उत्तर मला पटलं नाही.

पुढच्या रविवारी गावी गेलो तेव्हा तिथल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनला गाडी दाखवली. त्यांनी बॉनेट उघडलं, बॅटरीपासून निघालेली लाल वायर बोटानं धरत इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यापर्यंत गेले आणि म्हणाले, "दादा, हिला बॅटरीपाशी फ्यूजच नाही." फ्यूज होता तो सीटखाली, सबवूफरजवळ. म्हणजे मधल्या दोन-अडीच मीटर वायरला कसलंच संरक्षण नव्हतं. वर ती ज्या भोकातून आत घेतली होती तिथं रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसवायची कडी नाही, पत्र्याची धार थेट वायरच्या आवरणावर. एवढ्या थोड्या दिवसांत तिथं आवरणाला रेघ पडली होती, नखाला लागत होती. ती धार आत तांब्यापर्यंत पोचली असती तर बॅटरीचा पूर्ण प्रवाह बॉडीत गेला असता आणि वायर पेटली असती. बॅटरीकडच्या फ्यूजचं काम सबवूफर वाचवणं नाही, वायर पेटू न देणं हे आहे. तो बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर-दीड वीत अंतरातच हवा. ज्या गाडीत माझी बायको आणि मुलं बसतात, जिच्या डिकीत 200 बार दाबाचा गॅस आहे, तिच्यात हे असं काम करून दिलं होतं. मला अजून त्याचा राग आहे.

अर्थिंगचं, म्हणजे सबवूफरची काळी वायर गाडीच्या बॉडीला जोडण्याचं, तेच. ती सीटच्या बोल्टखाली दाबली होती, तीही रंगावरच. त्यांनी मीटर लावला. गाणं चालू असताना बॅटरीवर 14.1 व्होल्ट, सबवूफरच्या टोकांवर 11.4. मधले जवळजवळ पावणेतीन व्होल्ट रस्त्यातच खर्च होत होते, आणि मोठ्या थापेला व्होल्टेज आणखी पडलं की सबवूफर स्वतःला वाचवायला बंद व्हायचा. वायरचा तुकडा कापून ब्लेडनं खरवडला तर आत पांढरं निघालं. तांब्याचा नुसता मुलामा, आत ॲल्युमिनियम. वरून जाडजूड दिसते, पण तेवढ्याच जाडीच्या तांब्याइतका प्रवाह वाहून नेत नाही.

सगळं नव्यानं केलं. पुण्याच्या नाना पेठेतून अस्सल तांब्याची 8 गेज जाडीची वायर, झाकणाचा फ्यूज होल्डर आणि वायरच्या टोकाला लावायचे धातूचे थिंबल आणले. पुढच्या खेपेला त्या काकांनी अडीच तास बसून काम केलं. वायरला काळी नालीदार नळी घातली, पत्र्याच्या भोकात ग्रोमेट बसवला. अर्थिंगसाठी कार्पेट उचलून बॉडीचा मोकळा बोल्ट शोधला, पॉलिश पेपरनं नाण्याएवढी जागा चकाकेपर्यंत घासली, थिंबल कसून आवळलं आणि गंज धरू नये म्हणून वरून ग्रीस लावलं. ही वायर हातभरापेक्षा कमी लांबीची आहे. कुठेही नवीन भोक पाडलं नाही. गाडीच्या तळाखालून गॅसची नळी टाकीपासून इंजिनपर्यंत जाते, त्यामुळे सीटखाली ड्रिल लावणाऱ्याच्या हातात सीएनजी गाडी देऊ नये. शेवटी मीटर पुन्हा लावला: 13.8. दिवा त्यानंतर एकदाही विझलेला नाही.

सिग्नलसाठी कंपनीच्या स्टिरिओमागे जोड-कपलर (मूळ प्लगमध्येच बसणारा जोड) लावला आणि स्पीकरच्या वायरींवरूनच आवाज घेतला. माझ्या सबवूफरला ती सोय आहे. मूळ वायरिंग कुठे कापलेलं नाही. तुमची गाडी वॉरंटीत असेल तर बसवणाऱ्याला हे आवर्जून सांगा, कारण न सांगता बरेच जण वायर सोलून पीळ मारतात आणि वर टेप गुंडाळतात.

मग सेटिंग. बास वाढवायच्या बटणांचा मोह मलाही होता. सुरुवातीला गेन (सबवूफरची पातळी ठरवणारं बटण) आणि बास बूस्ट (खर्ज जास्तीचा उचलणारं बटण) दोन्ही वर ठेवून गाडी दणाणून सोडली. ते ऐकून तात्या म्हणाले, "पखवाजवाला बुवांच्या शेजारी बसतो रे, माझ्या मांडीखाली नाही." मी कितीतरी लेख वाचले होते, पण नेमकी गोष्ट त्या एका वाक्यात कळली. खर्ज सीटखालून येतोय असं वाटलं की सेटिंग चुकलं. साधारण 80 हर्ट्‌झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीट ओळखता येत नाही, म्हणून सबवूफरला तेवढंच काम द्यायचं. त्याच्या वरचे सूर त्याच्याकडे गेले की जागा उघडी पडते. सबवूफरकडे कुठल्या सुरापर्यंत जाऊ द्यायचं ते ठरवणारा फिल्टर मी आधी 120 वर ठेवला होता, तो 75 च्या आसपास आणला. बास बूस्ट शून्य. स्टिरिओचा बासही शून्यावर आणला, आणि दारातले स्पीकर एकदम मोकळे झाल्यासारखे वाजायला लागले. सबवूफरचा ठोका दारातल्या स्पीकरशी जुळवणारं फेजचं बटण 0 आणि 180 असं दोन्हीकडे करून ड्रायव्हरच्या सीटवर बसून ऐकलं. माझ्याकडे 180 ला पखवाज भरीव होतो, 0 ला पोकळ. ह्याला दुसरा नियम नाही, आपल्या जागेवर बसून ऐकायचं. त्यानंतर गेन अगदी थोडा थोडा कमी करत गेलो. एका ठिकाणी तात्यांनी हात वर केला. "आता वाजला बघ डावा हात." गेनच्या त्या जागेवर पेनानं खूण केली आहे.

एवढ्याशा डब्यातून एवढं काम कसं होतं ह्याचं मला आधी नवल वाटायचं. 50 हर्ट्‌झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळपास 7 मीटर असते. माझी आख्खी गाडी 3.66 मीटर. लहर गाडीपेक्षा मोठी झाली की बंद केबिनमध्ये हवा एकत्रच दाबली जाते आणि खालचे सूर आपोआप उचलले जातात. हाच सबवूफर घरच्या हॉलमध्ये लावला तर केविलवाणा वाटेल. काच खाली केली की गाडीतही फरक लगेच कळतो.

पण ह्याला मर्यादा आहेत. चार तारांच्या बास गिटारचा सगळ्यात खालचा सूर 41 हर्ट्‌झचा असतो, तिथपर्यंत तो इमानानं जातो. त्याखाली फारसं काही नाही. मिरवणुकीतल्या ढोलाचा छातीवर बसणारा ठोका ह्यातून मिळणार नाही. तो हवा असेल तर मोठा स्पीकर, मोठा खोका आणि डिकी लागते. मला जे हवं होतं ते मिळालं, शिवाय एक गोष्ट न मागता मिळाली. आवाज लहान असला की आपल्या कानाला खर्ज आणखीनच कमी ऐकू येतो, म्हणून मी पूर्वी सगळंच मोठ्यानं लावायचो. आता स्टिरिओ 22 ऐवजी 15 वर असतो आणि पुणे-वाई प्रवासानंतर डोकं जड होत नाही. खंबाटकी घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन गुरगुरत असतं, तेव्हाही तंबोऱ्याचा खर्ज हरवत नाही.

पहिल्या तीन आठवड्यांत गाडीतून भलतेच आवाज आले. मागची नंबर प्लेट, सीटबेल्टचं बक्कल, ग्लोव्ह बॉक्समधली टोलची सुटी नाणी. शोधायची सोपी युक्ती अशी: मोबाईलवरून 40 ते 80 हर्ट्‌झ हळूहळू चढत जाणारा सूर लावायचा आणि दुसऱ्यानं एकेका प्लास्टिकवर तळहात दाबत फिरायचं. आमच्या धाकटीनं हे काम फार मन लावून केलं. हात ठेवल्यावर आवाज थांबला की तिथं फेल्टची पट्टी. उच्च सुरक्षा नंबर प्लेटचं कुलूप उघडता येत नाही, तेव्हा तिच्या कडेखाली फोमची पट्टी सरकवली.

जुलैत एक मोठं संकट टळलं. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी चिखलानं तुंबली आणि डाव्या बाजूचं कार्पेट आतून ओलं झालं. बायकोच्या पायाला गार लागलं म्हणून कळलं. सबवूफर तोवर थेट कार्पेटवर होता. खालून दमट झाला होता, पण आत पाणी गेलं नव्हतं. तेव्हापासून तो पातळ रबरी पायांवर आहे. उंचीत थोडा कमी घेतल्याचा इथं फायदा झाला. पावसाळ्यापूर्वी ती नळी साफ करून घ्याच. उन्हाळ्यातही खालची ही फट कामी येते, कारण ॲल्युमिनियमची बॉडी चांगलीच तापते. तिच्यावर फूटमॅटचं टोक चढू देऊ नका.

मागच्या सीटवर बसणाऱ्याला त्रास होतो, हे कबूल करायला हवं. पूर्वी पाय पुढच्या सीटखाली सरकायचे, आता डब्याला अडतात. माझा उंच मेहुणा आता उजवीकडेच बसतो. पोरांच्या बुटांनी जाळीच्या कोपऱ्याला पोचा आला आहे. शेजारच्या सीटवर मोठ्या आवाजात पाठीला हलकी थरथर जाणवते. बायकोला ती नको असते, म्हणून आवाज कमी-जास्त करायचं बटण हँडब्रेकजवळ लावलंय, तिच्या हाताला येईल असं. बॅटरीवर किंवा मायलेजवर मला काही फरक दिसलेला नाही.

वस्तू, दुसऱ्यांदा घेतलेलं वायरिंग आणि दोन वेळची मजुरी धरून सोळा हजारांच्या आसपास गेले. त्यातले साडेतीन हजार पहिल्याच वेळी वायर आणि फ्यूज डोळ्यांनी बघितले असते तर वाचले असते. गाडी ताब्यात घेताना बॉनेट उघडायला लावा आणि फ्यूज कुठे आहे ते दाखवा म्हणा.

ह्या दिवाळीला पुढच्या दारांच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर शोषणारा थर) लावायचा विचार आहे. सीटखालचा मूळ ट्रे गावी माळ्यावर ठेवलाय, गाडी विकताना परत बसवावा लागेल. सध्या त्यात तात्यांचे टाळ आहेत.