ताब्याआधीची फ्लॅट तपासणी (नाशिक): दोष शोधण्यात पक्की, सह्या मिळवण्यात कच्ची

पाचपैकी साडेतीन. पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, आडगाव भागात नव्या इमारतींचे ताबे सुरू झाले की या सेवेला मागणी वाढते. दोन माणसं येतात, दोन बीएचकेला साधारण तीन तास देतात आणि नंतर फोटोंसकट रिपोर्ट पाठवतात.

तपासणी खरंच चोख. टाइल्स एकेक करून वाजवतात, तेही फक्त मध्यभागी नाही तर चारही कोपऱ्यांत. कोपऱ्याखाली माल भरलेला नसेल तर कपाटाच्या पायाखाली तीच टाइल आधी फुटते. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जातं की दाराकडे, हे बघतात. ओट्याच्या भिंतींना गुण्या लावतात. कोपरा काटकोनात नसेल तर पुढे ट्रॉल्या बसवताना फटी राहतात. आरसीसीबीचं (करंट गळाला की वीज तोडणाऱ्या स्विचचं) नुसतं टेस्ट बटण दाबून थांबत नाहीत. ते बटण अर्थिंगबद्दल काहीच सांगत नाही, म्हणून प्रत्येक सॉकेटला टेस्टर लावतात. हे फार महत्त्वाचं आहे.

कार्पेट, म्हणजे फ्लॅटचं प्रत्यक्ष वापरण्याजोगं क्षेत्रफळही लेझरने मोजतात. मात्र आकडा स्वतः पडताळून घ्या. रेराच्या (घरखरेदीदारांसाठीच्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या) व्याख्येत आतल्या पार्टिशन भिंतींची जाडी कार्पेटमध्ये धरली जाते, बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती धरल्या जात नाहीत. नुसत्या खोल्यांच्या मापांची बेरीज केली तर क्षेत्रफळ उगाच कमी दिसतं आणि बिल्डरसमोर तक्रार टिकत नाही. महारेराच्या (या कायद्याखालच्या राज्यातल्या प्राधिकरणाच्या) नमुना करारात ३ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य आहे.

गळतीच्या बाबतीत कमी पडतात. थर्मल कॅमेऱ्यात दिसतो तो तापमानातला फरक, पाणी नव्हे. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग तपासायचं तर जाळी बंद करून इंचभर पाणी भरायचं, भिंतीवर पातळीची खूण करायची, किमान २४ तास थांबायचं आणि खालच्या फ्लॅटचं छत बघायचं. तीन तासांच्या भेटीत हे होणं शक्यच नाही. आदल्या दिवशी पाणी भरून ठेवा असं त्यांनीच आधी सांगायला हवं.

खरी उणीव रिपोर्टमध्ये आहे. पानंच्या पानं फोटो, पण ताब्याआधी दुरुस्त व्हायलाच हवं असं काय आणि नंतर चालेल असं काय, हे कुठेच वेगळं केलेलं नाही. दाराच्या पॉलिशचा ओरखडा आणि अर्थिंग नसलेला गिझर पॉइंट एकाच यादीत, एकाच अक्षरात. साइट इंजिनिअर मग पॉलिशचं काम आधी उरकतो आणि ‘निम्मी यादी झाली’ म्हणून सही मागतो. प्रत्येक बाबीपुढे खोली, दोष, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत आणि बिल्डर व ग्राहक दोघांची सही, एवढे रकाने हवेत. तपासणीच्या वेळी बिल्डरचा माणूस हजर असावा आणि त्याने तिथेच सही करावी, असा आग्रह ही सेवा धरत नाही. नंतर ईमेलने गेलेली यादी ‘आमच्यासमोर बघितलेलं नाही’ म्हणून सहज बाजूला पडते.

ताब्याच्या पत्राकडे तर हे लोक बघतही नाहीत. त्यात हमखास एक वाक्य असतं: ‘बांधकाम, साहित्य व क्षेत्रफळ याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही.’ त्याच्या आधी ‘सोबत जोडलेल्या यादीतील बाबी वगळता’ एवढे शब्द घालून घ्यावेत, यादीच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या असाव्यात आणि पत्राची प्रत आपल्याकडे ठेवावी. दसरा किंवा अक्षय्य तृतीयेला पेढ्यांबरोबर हे पत्र पुढे येतं, तेव्हा वाचायला कुणाला उसंत नसते. मुहूर्तावर पूजा करा, सही दुसऱ्या दिवशी करा. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला) मिळाल्यापासून ताबा घ्यायला कायद्याने दोन महिने दिलेले आहेत.

दुरुस्तीनंतरच्या फेरतपासणीचे पैसे वेगळे पडतात. तरी ती घ्याच, कारण ठोकून बदललेल्या टाइलच्या शेजारच्या टाइल्स सैल होऊ शकतात. आणखी एक: पत्रावरची तारीख कोरी ठेवून सही मागितली तर देऊ नका. रेराच्या कलम १४(३) प्रमाणे बांधकामातल्या दोषांची पाच वर्षांची जबाबदारी ताब्याच्या तारखेपासून मोजली जाते आणि दोष कळवल्यावर ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. ती तारीख आपल्याच हाताने घाला.