मुंबईची १९१८ ची गिनी आणि ग्रेडिंगचा स्लॅब: पैसे कधी वसूल होतात?

सोन्याचं जुनं नाणं तपासून, त्याला आकडा देऊन सीलबंद प्लास्टिकच्या डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये, घालून देण्याच्या धंद्यात दोन नावं मोठी आहेत: एनजीसी आणि पीसीजीएस. दोन्ही अमेरिकेतल्या, दोघींची मोजपट्टी १ ते ७० ची शेल्डन पट्टी. ६० पासून पुढे न वापरलेलं नाणं (एमएस), ५० ते ५८ म्हणजे जेमतेम हाताळलेलं (एयू), त्याखाली झिजलेलं. सेवेची पारख करायला मुंबई टांकसाळीची १९१८ ची गिनी, म्हणजे ब्रिटिश सॉव्हरिन हे सोन्याचं नाणं, घेतली आहे. या नाण्यावर स्लॅबचे गुणही कळतात आणि मर्यादाही.

आधी नाण्याबद्दल. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा संत जॉर्ज. त्याच्या पायाखालच्या जमिनीच्या रेषेवर, सालाच्या बरोबर वर, मधोमध इंग्रजी ‘आय’ हे बारीक अक्षर असतं. ते असेल तरच मुंबईची. जाहिरातीत ‘अतिदुर्मीळ’ लिहिलेलं दिसलं तर हसून पुढे जावं. ही नाणी सुमारे १३ लाख पाडली गेली. दुर्मीळ आहे ती चांगल्या अवस्थेतली.

कारण उघड आहे. आपल्याकडे गिनी डबीत कमी आणि गळ्यात जास्त राहिली. कडी डाखवून हारात ओवली, पुढे मोडताना कडी काढून तिथली कड कानशीनं सारखी केली. भिंगाखाली १२ च्या काट्यापाशी कडेचे दाते बुजलेले किंवा एकदम ताजे कोरल्यासारखे दिसतात, शेजारी डाखाचा फिकट रंग राहतो. असं नाणं पाठवलं की आकडा मिळत नाही. लेबलावर ‘डिटेल्स’ असा शेरा आणि कडी काढल्याची नोंद येते. शुल्क मात्र पूर्ण जातं. रिठ्याच्या पाण्यात ब्रशनं घासलेल्या नाण्याचीही तीच गत. दिवा तिरपा धरून नाणं फिरवलं की समांतर बारीक ओरखडे चमकतात, आणि टांकसाळीची मूळ चमक चक्रासारखी फिरायची ती फिरत नाही.

म्हणून पाठवण्याआधी घरची तपासणी आवश्यक. वजन ७.९९ ग्रॅमच्या आसपास, व्यास २२.०५ मिमी. चलनात चालायची किमान मर्यादा ७.९४ ग्रॅम होती. त्याखाली गेलं तर झीज किंवा कानस. मग पाण्यातलं वजन. ग्लासातल्या पाण्यात दोऱ्यानं नाणं टांगलं की वजनात साधारण ०.४५ ते ०.४६ ग्रॅम घट यायला हवी, म्हणजे घनता १७.५ च्या आसपास. इथे स्वस्त काटा फसवतो. ०.०१ ग्रॅमपर्यंतच मोजणाऱ्या काट्यावर एका अंकाची चूक झाली तरी घनता १७.२ किंवा १७.९ दिसते, ०.००१ ग्रॅमचाच काटा हवा, आणि नाण्याला चिकटलेले बुडबुडे आधी झटकावेत. सराफाकडे कस बघायला नेलं तर कसोटीवर घासू देऊ नये. कडेवरचा तो एक ओरखडा आकडा घालवतो. कॅरेट मीटर चालेल, पण तो वरचा थरच वाचतो.

आणि हे सगळं जमलं तरी नाणं खरं असेलच असं नाही. गेल्या शतकाच्या मध्यात लेबनॉनमध्ये पुऱ्या वजनाच्या, पुऱ्या कसाच्या नकली गिन्या पाडल्या गेल्या. सोनं खरं, नाणं खोटं. अशा नाण्यावर अक्षरांच्या कडा गोलसर, मानेवरची नक्षीकाराची आद्याक्षरं पुसट, शेतात (म्हणजे मोकळ्या जागेत) बारीक उंचवटे. स्लॅबचा खरा उपयोग इथे होतो. या बाबतीत दोन्ही संस्थांवर भरवसा ठेवायला हरकत नाही. डबीवरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर घालून तिथला फोटो समोरच्या नाण्याशी ताडावा, कारण आता डब्याही नकली येतात, खऱ्या क्रमांकासकट.

स्लॅब किंमत सांगत नाही. ती आपणच काढायची. गिनीत निव्वळ सोनं ७.३२ ग्रॅम. २४ कॅरेटचा १० ग्रॅमचा दर समजा १ लाख असेल, तर पायाची किंमत ७३,२०० रुपये. त्यावर जे काही जास्त मिळेल ते संग्राहकाचं. दाढी, भुवई, संत जॉर्जची मांडी आणि घोड्याची छाती इथे झीज दिसत असेल, तर हा वरचा हिस्सा इतका थोडा असतो की शुल्क, विमा आणि टपाल त्यात भागत नाही. एमएस ६४ च्या वर जाण्याची खरी शक्यता असेल तरच पाठवावं. १८४१ ची व्हिक्टोरियाची मोहोर (११.६६ ग्रॅम) किंवा १८३५ ची विल्यमची मोहोर असेल, तर मात्र पाठवणं योग्यच, या मोहोरांच्या नंतर पुन्हा पाडलेल्या प्रतीही फिरतात, आणि मूळ की प्रत यावर किमतीत मोठा फरक पडतो.

शिवरायांच्या होनाला मात्र हा आकडा फारसा कामाचा नाही. हातानं ठोकलेल्या, पावणेतीन ग्रॅमच्या आसपासच्या त्या नाण्यात झिजेपेक्षा ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ किती अक्षरं चकतीवर बसली, हे पाहतात. तिथे शिक्क्यांचे जाणकार हवेत.

आता सगळ्यात महत्त्वाची अडचण. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांवरचं नाणं खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही, ते फक्त केंद्र सरकार किंवा त्यानं अधिकार दिलेली संस्थाच नेऊ शकते, आणि १९१८ ची गिनी २०१८ सालीच त्या रेषेपलीकडे गेली. ‘फक्त ग्रेडिंगला पाठवतोय, परत येणार आहे’ ही सबब कायद्यात बसत नाही. शिक्षा ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि दंड. त्यामुळे न्यू जर्सी किंवा लंडनमधल्या मराठी संग्राहकाला ही सेवा सोपी, पुण्यातल्याला नाही. पुण्यातल्यानं पुरातत्त्व खात्याचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडून, लेखी हमीसह घ्यावं, आणि बाहेरून आलेला स्लॅब असेल तर सीमाशुल्काचे कागद मागावेत.

गुण द्यायचे तर खरं-खोटं ठरवण्यात ५ पैकी साडेचार. झिजलेल्या गिनीसाठी पैसे वसूल होण्यात ५ पैकी १.