सेस्ना 172 एस: शिकायला हेच विमान, जेटचा हट्ट नको

आधीच सांगून टाकतो. विमान चालवायला शिकायचं असेल तर सेस्ना 172 या एका इंजिनाच्या, पंख्याच्या लहान विमानावर शिका, आणि 'आम्ही थेट जेटवर शिकवतो' म्हणणाऱ्याला कोपरापासून नमस्कार करून बाहेर पडा. मी विदर्भात फ्लाइंग इन्स्ट्रक्टर आहे. याच विमानाच्या उजव्या सीटवर बसून बसून माझी कंबर कामातून गेली आहे, तेव्हा मत थोडं पक्षपाती धरलंत तरी हरकत नाही. विमानाबद्दल तक्रारीही भरपूर आहेत, त्या पुढे येतीलच.

जेटचा विषय हल्ली मुलांपेक्षा पालकच काढतात. मध्यंतरी अकोल्याचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. हातात परदेशातल्या एका अकादमीचं गुळगुळीत माहितीपत्रक. सुरुवातीचे थोडे तास पंख्याच्या विमानावर, बाकी सगळं छोट्या जेटवर, आणि फी आमच्या दुपटीहून जास्त. "सर, पैशाचं पाहू नका. पोराले उद्या एअरबसच चालवाची हाये, मंग हे पंख्याचं विमान काहाले?" प्रश्न चुकीचा नाही. बापाला पोराचं भलंच हवं असतं आणि महाग ते चांगलं असं वाटणं साहजिक आहे.

पण प्रशिक्षणात आपण नेमकं काय विकत घेतो ते बघा. डीजीसीएच्या, म्हणजे सरकारी विमान नियामकाच्या, सीपीएलला (व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला) 200 तास लागतात, त्यातले 100 तास तुम्ही स्वतः पायलट इन कमांड, म्हणजे विमानाचे प्रमुख. या तासांत मुलाला चुका करायला मिळाल्या पाहिजेत, आणि त्या त्यानं स्वतःच दुरुस्त केल्या पाहिजेत. सेस्नाचं सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीची फेरी, जमिनीपासून 1000 फुटांवर, फायनलला, म्हणजे उतरतानाच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, वेग 65 नॉट (तासाला 65 सागरी मैल). ट्रॅफिक नसेल तर एक फेरी सहा-सात मिनिटांत होते, म्हणजे एका तासात आठ-नऊ लँडिंग. मुलगा फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) उंचावर करतो, विमान धप्पकन बसतं, उसळतं, पुन्हा बसतं. मुख्य चाकांचे पाय स्प्रिंगसारखे लवचिक आहेत, ते हे सगळं निमूट पचवतात. नोजव्हील, म्हणजे पुढचं चाक, आधी टेकायला लागलं तर मात्र माझा हात पुढे जातो. बाकी वेळी मी मांडीवर हात ठेवून गप्प बसतो. महागड्या जेटमध्ये कुठलाच इन्स्ट्रक्टर असा बसणार नाही. टायर, ब्रेक, विम्याचा हप्ता, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे असतं, त्यामुळे चूक पुरती व्हायच्या आत तो कंट्रोल काढून घेतो. लॉगबुकात तास मुलाच्या नावावर लागतात, विमान उडवलेलं असतं दुसऱ्याने.

या विमानातली माझी सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे स्टॉलचा भोंगा. स्टॉल म्हणजे नाक फार वर गेल्यानं पंखांची उचल तुटणं. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक लहानसं भोक आहे. वीज नाही, सेन्सर नाही. स्टॉल जवळ आला की पंखापुढची हवा त्या भोकातून उलटी ओढली जाते आणि आत पिपाणी वाजते, स्टॉलच्या पाच ते दहा नॉट आधी. उड्डाणापूर्वी तो तपासायची पद्धत अशी: भोकावर स्वच्छ रुमाल धरायचा आणि तोंडाने हवा ओढायची. नवीन मुलं-मुली आधी हसतात, कॉलेजची पोरं ती. मग हवेत 4000 फुटांवर नाक वर धरून, इंजिन आयडलवर ठेवून तीच पिपाणी रडायला लागली की हसू पळतं. हातातली कंट्रोलची काठी ढिली पडते, विमान थरथरतं, एक पंख झुकायला बघतो आणि सगळं शरीराला कळतं. एअरबस ए320 नॉर्मल लॉमध्ये, म्हणजे संगणकाची सगळी संरक्षणं चालू, असेल तर काठी पूर्ण मागे ओढली तरी संगणक विमानाला स्टॉलपर्यंत जाऊ देत नाही. प्रवासी म्हणून मला ते फार आवडतं. पण ज्या पोरानं स्टॉल कधी अनुभवलाच नाही त्याला ते संरक्षण कशापासून आहे हे कसं कळणार?

त्या माहितीपत्रकातलं विमान होतं सिरस व्हिजन जेट. यंत्र देखणं आहे, यात वाद नाही. 2016 मध्ये त्याला अमेरिकेत प्रमाणपत्र मिळालं, अख्खं विमान खाली आणणारं पॅराशूट त्यात आहे. किंमत 20 लाख डॉलरच्या बरीच वर. सेस्ना तासाला 35 लिटरच्या आसपास पेट्रोल पिते, हे जेट अडीचशे लिटर केरोसीन सहज संपवतं, तेही उंचावर. खाली सर्किट मारत बसलात तर खादाडी आणखी वाढते. आणि माहितीपत्रकात ठळक लिहिलेलं नसतं ते असं की या जेटला इंजिन एकच आहे. म्हणजे एवढे पैसे ओतूनही मल्टी-इंजिन रेटिंग (एकाहून जास्त इंजिनांची विमानं चालवायची परवानगी) मिळत नाहीच, त्यासाठी पुन्हा दोन इंजिनांच्या सेनेका किंवा डायमंड डीए42 वर बसावं लागतं. एअरलाइनला हवं असतं एअरबस ए320 किंवा बोइंग 737 चं टाइप रेटिंग, म्हणजे त्या ठरावीक विमानाची परवानगी. छोट्या जेटचे तास त्या जागी चालत नाहीत. गृहस्थांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माहितीपत्रकाची घडी घातली आणि चहा मागवा म्हणाले.

"मग हवाई दल जेटवर शिकवतं ते?" हा दुसरा ठरलेला प्रश्न. शिकवतं, पण पहिल्या दिवसापासून नाही. हैदराबादजवळ दुंडीगलला सुरुवात पिलाटस पीसी-7 वर होते, ते टर्बोप्रॉप आहे, म्हणजे टर्बाइन इंजिनावर फिरणाऱ्या पंख्याचं विमान. लढाऊ शाखेची मुलं शेवटी बीदरला हॉक जेटवर पोचतात. हॉक तिथे 2008 पासून आले. असं जेट ट्रेनर हवं हे 80 च्या दशकातच सांगून झालं होतं, करार व्हायला 2004 उजाडलं, आणि मधल्या काळात कोवळी पोरं किरण या साध्या ट्रेनरवरून थेट मिग-21 या लढाऊ विमानावर जात होती. त्याची अपघातांतली किंमत आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रांत वाचली आहे. लढाऊ वैमानिकाला मधली जेट पायरी हवीच, मी तिच्याविरुद्ध नाही. पण ती मधली पायरी आहे. अमेरिकेच्या हवाई दलाने 1961 च्या सुमाराला मुलांना पहिल्यापासून टी-37 जेटवर बसवून पाहिलं. कोणाला जमणार नाही हे कळेपर्यंत फार पैसा जळतो म्हणून 1964 मध्ये त्यांनी सुरुवातीसाठी प्रॉपेलरचं विमान मागवलं. कुठलं? हेच, सेस्ना 172, फक्त नाव टी-41. आपल्या ओझरलाही एचएएलने आता एचटीटी-40 या ट्रेनर विमानाची जुळणी सुरू केली आहे, आणि तेही टर्बोप्रॉपच.

जेटची सवय लागत नाही असं मात्र म्हणणार नाही. सीपीएल हातात आलं की सिम्युलेटरवरचा जेट ओरिएंटेशन कोर्स करा, तिथे पैसे वाया जात नाहीत. सेस्नात थ्रॉटल (इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा) पुढे केला की ताकद लगेच मिळते. मोठ्या जेटचं इंजिन आयडलवरून पूर्ण जोरावर यायला काही सेकंद घेतं, म्हणून विचार आधी करावा लागतो. उतरतानाचा हिशोबही बदलतो: 10,000 फुटांवर असाल तर साधारण 30 सागरी मैल आधी खाली यायला लागायचं, आणि फायनलला वेग 135 नॉट असेल तर मिनिटाला 700 फूट खाली. सेस्नात हेच गणित 325 फुटांचं असतं. कृती तीच, फक्त घाई दुप्पट. ज्याला 65 नॉटवर जमलं नाही तो 135 वर काय दिवे लावणार?

आता तक्रारी. एक, मे महिना. एसी नाही, दार उघडं ठेवून टॅक्सी करावीशी वाटते. गरम हवा विरळ असते, त्यामुळे 44 अंशांत समुद्रसपाटीपासून 1000 फुटांवरची आमची धावपट्टी पावणेपाच हजार फुटांवर असल्यासारखी वागते आणि दोघं जाडजूड असतील तर विमान झाडांकडे बघत बघत चढतं. दोन, गरम इंजिन पुन्हा सुरू करणं. इंधन भरून दहा मिनिटांत परत निघायचं म्हटलं की नळ्यांत वाफ धरलेली असते. मिक्स्चर (इंजिनाला इंधन किती द्यायचं तो दांडा) बंद ठेवून स्टार्टर फिरवायचा, इंजिननं खोकला काढला की हळूच मिक्स्चर पुढे. ज्याला हे जमतं त्याला आमच्याकडे मान आहे. तीन, जी1000 या डिजिटल उपकरण-संचाचे मोठे पडदे. मुलं खिडकीबाहेर बघायचं सोडून टीव्ही बघत बसतात, मी सरळ पडद्यावर चार्ट टाकून झाकतो. चार, इंधन तपासायच्या 13 जागा. पावसाळ्यात सकाळी निळ्या पेट्रोलखाली पाण्याचा गोल थेंब सापडतो तेव्हा मात्र कंटाळ्याबद्दल कोणी बोलत नाही. आणि सीट पुढे सरकवल्यावर ती रुळात खटकन बसली का हे हलवून बघाच. टेकऑफला सीट मागे घसरली तर हाताबरोबर काठीही मागे येते.

इंधनखर्च टोचत असेल तर डायमंड डीए40 बघा. गोंदियाला आहेत. पंखा आहे, पण इंजिन डिझेल जातीचं, जेट ए-1 वर चालतं आणि सेस्नापेक्षा बरंच कमी पितं. 'जेटच्या इंधनावर शिकलो' असं पाहुण्यांना सांगायलाही बरं.

कुठल्याही संस्थेत पैसे भरण्याआधी हँगरमध्ये जाऊन या. भिंतीवर किती विमानांचे फोटो आहेत ते सोडा, आज सकाळी किती उडाली ते फ्लाइट लाइनवरच्या, म्हणजे विमानं उभी असतात तिथल्या, मुलांना विचारा. ऑफिसमध्ये विचारू नका. इंजिन काढून ठेवलेली, टायर बसलेली विमानं मोजा. एका विमानामागे किती विद्यार्थी येतात ते काढा, कारण मुलांची वर्षं बहुतेक तिथेच जातात. पूर्ण फी एकरकमी मागत असतील तर टप्पे पाडून घ्या. आणि उन्हाळ्यात स्लॉट सकाळी सहाचाच मागा, नऊनंतरचा इन्स्ट्रक्टर माझ्यासारखा चिडका असतो.