वेंगुर्ल्याच्या परमिट रूममधला मोरीचा टाको

आधीच उघड सांगून टाकते, या बारला काजूचा तुकडा आमच्या कारखान्यातून जातो. त्यामुळे मालक ओळखीचा. पण बिल आम्ही पूर्ण भरतो, आणि खाली जे वाईट लिहिलंय ते त्याला तोंडावरही ऐकवून झालंय.

बाजारातून बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर ही जागा आहे. बाहेर परमिट रूमची जुनी पाटी, आणि तिच्याखाली नव्या रंगात 'मेक्सिकन फूड'. पुढच्या खोलीत पूर्वीचंच गिऱ्हाईक बसतं: निप, सोडा, उकडलेली अंडी, टीव्हीवर क्रिकेट. मागच्या अंगणात पत्र्याची शेड घालून टेबलं मांडलीत, तिला हे लोक 'फॅमिली' म्हणतात. बायकांना तिथे निवांत बसता येतं, कोणी वळून बघत नाही. सासूबाईंना बारात जेवायला नेते म्हटल्यावर घरात थोडं वातावरण तापलं होतं. आता त्याच विचारतात, कधी जायचं.

मालकाचा मुलगा क्रूझच्या बोटीवर गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, होता. अमेरिकेतल्या लाँग बीचहून सुटून मेक्सिकोच्या एन्सेनाडा बंदराला लागणारी बोट. टाको म्हणजे टॉर्टियात, मक्याच्या पातळ भाकरीत, सारण घालून दुमडलेला पदार्थ. तळलेल्या माशाचा टाको हा त्या बाहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचाच पदार्थ, त्यामुळे पोरगा जे शिकून आला ते नेमकं आपल्या कामाचं निघालं. वाळवंटातल्या गावात राहून आला असता तर आमचं काही खरं नव्हतं.

टाकोची टॉर्टिया इथे विकत आणत नाहीत, आणि या जागेची खरी कमाई तीच आहे. मक्याचं कोरडं पीठ कितीही मळा, थापायला घेतलं की कडा फाटतात. तांदळाच्या भाकरीला आपण उकड काढतो ती याच कारणासाठी. मेक्सिकोत हे काम चुना करतो. अख्खा मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी साल सुटलेली असते, ती चोळून धुऊन काढायची आणि दाणे ओलेच वाटायचे. किलोभर मक्याला चुना जेमतेम दहा ग्रॅम. एवढ्यानं पीठ असं धरतं की थापताना कडा फाटत नाहीत, आणि भाजताना जो वास येतो तो साध्या मक्याच्या भाकरीला कधीच येत नाही. या चुन्यामुळेच मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपात मका पोचला पण चुन्याची रीत पोचली नाही, तेव्हा नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग व्हायचा.

इथे मका घाटावरून येतो, पिवळा, त्यामुळे टॉर्टिया थोडी जाडसर आणि खरबरीत होते. वाटण इडलीच्या ग्राइंडरवर. भाजायला त्या पोराची आई बसते. प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये गोळा ठेवून ती वरून जड पितळी ताट दाबते, अर्धा वळसा देऊन पुन्हा दाबते, कागद सोलून काढते आणि टॉर्टिया बिडाच्या तव्यावर सोडते. दुसऱ्यांदा उलटली की मधोमध बोटानं हलकेच दाबते, मग ती फुगते. सासूबाई उठून तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. चुना कुठला घालतेस, पानाचा काय, इथपासून चौकशी सुरू झाली ती मक्याच्या भावापर्यंत गेली. आमचे टाको तोवर थंड.

आता मासा. टाकोत काटा चालत नाही, म्हणून बांगडा बाद. सुरमईचा टाको कार्डावर आहे, 360 रुपयांना तीन, पण तो घेऊ नका. सुरमई तव्यावर रवा लावून खायची चीज, मैद्याच्या पिठात बुडवून तळली की तिची चव मरते. मोरी, म्हणजे छोटा शार्क, घ्या. मोरीला मधला एक कुर्चेचा कणा काढला की बारीक काट्यांची भानगड नाही, मांस घट्ट असतं, तळणात विरघळत नाही. 270 ला तीन. वरचं पीठ मैदा, थोडं तांदळाचं पीठ आणि थंडगार बिअर घालून आयत्या वेळी कालवतात, त्यामुळे कवच पातळ आणि कुरकुरीत होतं, भज्यासारखं बोजड नाही.

मोरीची एक खोड सगळ्या कोकणाला ठाऊक आहे. तिच्या अंगात युरिया असतो, मासा जरा शिळा झाला की त्याचा अमोनिया होतो आणि नाकात झोंबतो. एका रविवारी, गर्दीच्या दिवशी, आमच्या ताटातल्या मोरीला तो वास होता. नवऱ्यानं पहिला घास तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. ताट परत पाठवलं. वाद न घालता बदलून दिलं हे खरं, पण तो मासा चिरताना, पीठ लावताना, तळताना तीन माणसांच्या नाकाखालून गेला असणार, आणि वेंगुर्ल्यात हे माफ नाही. तेव्हापासून वाढणारा मुलगा आपणहून येऊन सांगतो, "काकी, आज मोरी बरी नाय गावली. सुंगटा चलतली?" चलतली. सुंगटांचे, म्हणजे कोळंबीचे, टाको मोरीपेक्षा गोडसर, पण एका टाकोत चारच असतात, ती वाढवा.

टाकोवर पडतं ते पांढरं मलईदार पाणी काजूचं. मेक्सिकोत तिथे आंबूस साय घालतात. इथे तुकडा भिजवून, लिंबू, मीठ आणि लसूण घालून गंधासारखं मऊ वाटतात. डब्ल्यू 320 सारख्या प्रतीचा अख्खा गर यात घालणं म्हणजे पैसे उकिरड्यावर टाकणं, तुकडा पुरेसा आहे आणि त्यांनी तो वापरलाय. (हे मी विकणारी म्हणून सांगत नाही. अख्खा विकला तर मला जास्त मिळतील.) बारीक चिरलेली कोबी, ही काजूची साय, वर लिंबू. बस.

साल्सा, म्हणजे तिकडची चटणी, दोन येतात. लाल साल्सासाठी टोमॅटो, लसूण आणि मिरच्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजून खलात ठेचतात. मिरच्या आधी नारळाच्या सोडणांच्या धुरावर धरलेल्या असतात, तिकडे धुरावलेल्या हालापेन्यो मिरचीला चिपोत्ले म्हणतात त्याची ही वेंगुर्ल्याची सोय. ही साल्सा मी नुसती चाटून खाते. हिरवी मात्र कोथिंबिरीची पाणचट चटणी आहे, बाजूला सारा.

शाकाहारी माणसासाठी मार्च-एप्रिलमध्ये फणसाच्या कुयरीचा टाको मिळतो. कुयरी उकडून, रेषा सोडवून, लाल साल्सात परतलेली. बाकीच्या महिन्यांत पनीर, आणि त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

कार्डाचं दुसरं पान उघडूच नका. नाचोज पाकिटातले, वर वितळवलेलं पिवळं चीज ओतून देतात, बरणीतल्या आंबट हालापेन्योच्या चकत्या टाकून. घरी मका वाटणाऱ्या माणसाला शिळ्या टॉर्टियाचे तुकडे तळायला काय होतं? इग्नासिओ अनायानं 1940 च्या दशकात सरहद्दीवरच्या पिएद्रास नेग्रास गावात नाचोज पहिल्यांदा केले तेही तळलेल्या टॉर्टियावर चीज आणि हालापेन्यो घालूनच, पाकीट फोडून नव्हे. पोराला विचारलं तर म्हणतो, पर्यटक पाकिटातलेच मागतात. बरीटो म्हणजे मैद्याच्या चपातीत राजमा-भात. ग्वाकामोले, म्हणजे अवोकाडोची चटणी, 390 रुपये आणि अवोकाडो कच्चा. त्या पैशात टाको घ्या, वर सुटे पैसे उरतील.

पिण्याचं. मार्गारिटा, म्हणजे टकिलाचं कॉकटेल, 480 ला आहे. नवऱ्यानं बाटली बघायला मागितली, आणि हे तुम्हीही मागा. टकिला आपल्या बांधावरच्या घायपाताच्याच कुळातल्या निळ्या अगावेपासून करतात. लेबलवर '100% अगावे' नसेल, तर कायद्यानं त्यात 49 टक्क्यांपर्यंत साखर उसाची किंवा दुसऱ्या कशाची असू शकते. इथली बाटली त्यातलीच. त्या किमतीत नको. पेल्याच्या कडेला लावलेलं शिरोड्याचं जाड मीठ तेवढं छान होतं.

त्यापेक्षा 'आगळ बिअर' मागवा, 220 रुपये. तिकडच्या मिचेलादाचा हा भाऊ: थंड बिअर, लिंबू, लाल साल्साचा गाळलेला रस आणि टोमॅटोऐवजी कोकमाचं आगळ. रंग असा चढतो की शेजारच्या टेबलावरून विचारणा होतेच. सांगायची गोष्ट एवढीच की आगळात मीठ भरपूर असतं, त्यामुळे कडेला मीठ लावू नको म्हणून आधीच बजावा. नाहीतर रात्री तीनदा पाण्याला उठाल. सासूबाईंना तेच आगळ, सोडा आणि साखर घालून दिलं, बिअरशिवाय. कार्डावर नाही, पण मागितलं की मिळतं.

बावीस वर्षांचा भाचा बरोबर होता. त्याचं आधार बघून त्याला माइल्ड बिअर दिली, टकिलाला नाही म्हणाले. महाराष्ट्रात माइल्ड बिअरला 21 आणि कडक दारूला 25 वर्षं लागतात, आणि इथे ते पाळतात. भाच्याला राग आला, मला बरं वाटलं.

वाढप संथ आहे. टॉर्टिया ऑर्डर आल्यावर थापतात, आणि तवा एकच, त्यामुळे शनिवारी-रविवारी पाऊण तास धरून चाला. बुधवारी-गुरुवारी सातच्या सुमारास गेलात तर वीस मिनिटांत ताट समोर येतं. डासांची अगरबत्ती टेबलाखाली लावतात, तिचा धूर थेट जेवणात येतो, ती लांब ठेवायला सांगा. वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखे चालतात, पण ग्राइंडर आणि फोनची रेंज दोन्ही जातात, म्हणून खिशात रोकड असू द्या. बाथरूम पुढच्या खोलीतून जाऊन मग डावीकडे, बायकांसाठी वेगळं आणि कडीसकट. हे लिहावं लागतं यातच सगळं आलं.

यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै समुद्र बंद असतो. त्या दोन महिन्यांत कार्डावर मोरी दिसली तर ती फ्रीजरमधली समजा. बर्फातून काढलेल्या माशाला पाणी सुटतं आणि कवच आतून गिळगिळीत होतं. तेव्हा खाडीची सुंगटं आहेत का विचारा, नसतील तर नुसती टॉर्टिया, लाल साल्सा आणि आगळ बिअर घेऊन बसा. आणि पार्सल कधीच नेऊ नका. गरम टाको फॉइलमध्ये गुंडाळला की दाभोलीपर्यंत पोचेतो त्याचा लगदा होतो.